लक्ष्मीचंदच्या परछीतली लग्नं

गोंदियाजवळच्या बिरसीवरून दिवसभर शिकाऊ विमानं गोल गोल फिरत असतात. गावातलं कोणी आता मान वर करत नाही. एखाद्या पाहुण्याने कौतुकाने आकाशाकडे बोट दाखवलंच, तर "पोट्टे शिकून राहिले," एवढं सांगून लोक पुन्हा सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायला लागतात. विमानाचं काहीही न वाटणाऱ्या या गावात, मंडईच्या दिवशी लक्ष्मीचंद तुरकरच्या परछीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, शिरायला मात्र रेटारेटी होते. बाहेर चपलांचा एवढा ढीग पडतो की एका वर्षी चप्पलवाल्याने शेजारीच दुकान लावलं, आणि ज्यांची हरवली त्यांनी तिथूनच घेतली.

मंडई म्हणजे दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव भरते ती जत्रा. पाळणे, जिलेबी, दंडारीचा नाच-गाण्यांचा खेळ आणि घरोघरी जेवायला आलेले जावई. जेवून सुस्तावलेले हे जावई बायकोला घेऊन लक्ष्मीचंदकडे येतात आणि आपलं लग्न बघतात. दरवर्षी. स्वतःचंच. दुसरीकडे कुठे त्यांना ते बघता येत नाही, कारण तशी व्यवस्था लक्ष्मीचंदने करून ठेवली आहे.

लक्ष्मीचंद धान लावतो आणि लग्नांचं शूटिंग करतो. कॅमेरावाल्यांचं असतं तसलं भरपूर खिशांचं जॅकेट तो उन्हाळ्यातही घालतो. एका खिशात खर्रा, एकात सुपारी, एकात दोन्ही संपलं तर लागणारी बडीशेप. कॅमेऱ्याचं सामान पिशवीत. माणूस उंच, आवाज त्याहून उंच, आणि कुठलीही नवी वस्तू दिसली की तिच्यावर सख्ख्या भाचीसारखा जीव लावणारा.

२००७ साली त्याने असाच एका मशीनवर जीव लावला. दुबईत लिफ्ट बसवणारा आमगावचा दुर्गाप्रसाद सुट्टीवर आला तो एक काळं, जडशीळ, पाटासारखं मशीन घेऊन. त्या वर्षी जगात दोन तबकड्यांची मारामारी चालू होती. साध्या डीव्हीडीपेक्षा कितीतरी स्वच्छ चित्र दाखवणाऱ्या दोन नव्या जाती निघाल्या होत्या: एक एचडी डीव्हीडी, दुसरी ब्लू-रे. दोघींच्या पोटात निळा लेझर, दोघी दिसायला जुळ्या, आणि एकीची तबकडी दुसरीच्या मशीनमध्ये पाऊल ठेवायची नाही. एका घरातल्या जावाच म्हणा. दुर्गाप्रसादने आणलेलं मशीन होतं एचडी डीव्हीडीचं. लक्ष्मीचंदने ते मांडीवर घेतलं, तिथल्या तिथे विकतही घेतलं आणि ठरवलं की जगात हीच तबकडी चालणार.

मग त्याने ती चूक केली जी फक्त लक्ष्मीचंदच करू शकतो. नागपूरहून एचडी कॅमेरा भाड्याने आणला, आणि त्या हंगामातली सगळी लग्नं त्यावर काढली. नागपुरातच एका कॉम्प्युटरवाल्याला धरून ती लग्नं तबकडीवर उतरवली. तबकडी दिसायला साधी, पण आतलं सगळं एचडी डीव्हीडीच्या भाषेत. आणि अशा तबकड्या, वर गणपतीचं चित्र आणि नवरा-नवरीचा फोटो चिकटवून, त्याने सालेकश्यापासून नवेगाव बांधपर्यंत घरोघरी पोचवल्या. त्या लावायचं मशीन अख्ख्या जिल्ह्यात एकच होतं, आणि ते लक्ष्मीचंदच्या परछीत होतं.

लोक तक्रार घेऊन यायचे.

"लक्ष्मीचंदभाऊ, तबकडी चालून नाई राहिली जी."

"चालते कशी नाई? बसा. दाखवतो."

लोक बसायचे. त्याची बायको सुखवंता चहा टाकायची. तबकडी झकास चालायची. लोक समाधानाने घरी जायचे, आणि फाटकापाशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात यायचं की तक्रार होती तिथेच आहे. पुढे पुढे त्यांनी तबकड्याही तिथेच ठेवायला सुरुवात केली. ने-आण कोण करतो!

"दोन वर्षं थांबा," लक्ष्मीचंद सांगायचा. "घरोघरी हे मशीन येते. मंग पाहाल आपापल्या खाटेवर बसून."

या सगळ्याला एकच माणूस आडवा होता, आणि तो घरातलाच होता. हिरालाल बोपचे. सुखवंताच्या धाकट्या बहिणीचा, योगेश्वरीचा नवरा. म्हणजे लक्ष्मीचंदचा साडभाऊ. गोंदियात त्याचं पंखे-कूलरचं दुकान आहे. गोंदियाच्या बाजारात बसून बसून त्याची मराठी अर्ध्या वाक्यात हिंदीकडे वळते आणि परत यायला विसरते. लक्ष्मीचंदने एचडी डीव्हीडी घेतली एवढ्या एकाच कारणासाठी हिरालालने ब्लू-रे घेतलं.

त्या वर्षीच्या मंडईत दोघांनी परछीत शेजारी शेजारी दोन टीव्ही मांडले आणि दोन्ही मशीनची कुस्ती लावली.

"पचास जीबी है इसमें," हिरालाल म्हणाला. "तुम्हारे में तीस. तुम्हारे में बरात आली तर समधी बाहर बैठेंगे."

"माह्या मशीनले कोणत्याबी देशाची तबकडी चालते," लक्ष्मीचंद म्हणाला. "तुह्या मशीनले अगोदर रहिवासी दाखला लागते. अमेरिकेची टाकली तं म्हनते, तहसीलदाराची सही आना."

हे खोटं नव्हतं. ब्लू-रेच्या जगाचे तीन भाग पाडलेले असतात, आणि एका भागाची तबकडी दुसऱ्या भागाच्या मशीनमध्ये बऱ्याचदा चालत नाही. पण हिरालालची खरी अडचण वेगळी होती. त्याच्याजवळ तबकडी होती एकच. समुद्रातल्या माशांवरची, इंग्रजीतली, मशीनसोबत फुकट मिळालेली. दुसरी गोंदियात मिळत नव्हती, आणि नागपूरला जाऊन आणायची तर तेवढ्यात कूलर विकले जात होते.

पंच म्हणून नवेगाव बांधच्या सेवकरामला बसवलं. त्याचं आयुष्य तलावातल्या माशांमागे गेलेलं. माणूस निःपक्षपाती होता, कारण त्याला दोन्हींतलं काही कळत नव्हतं. त्याने आधी हिरालालचा मासा डोळे बारीक करून पाहिला.

"मासा ताजा आहे," तो म्हणाला. "खवले न् खवले दिसते. पन काट्याचा आहे. रश्श्याच्या कामाचा नाई."

हिरालालने हा आपला विजय मानला. मग लक्ष्मीचंदने नवेगाव बांधच्याच श्यामलाल-नंदाबाईचं लग्न लावलं. मांडव दिसला. मांडवाच्या मागे, स्वयंपाकाच्या बाजूला, एक माणूस बुंदीचे लाडू खिशात घालताना दिसला.

"थांबवा, थांबवा," पंच ओरडला. "हा चोट्टा कोन होय? जवळून दाखवा!"

लक्ष्मीचंदने चित्र थांबवलं. सेवकराम टीव्हीपाशी गेला, नीट पाहिलं, आणि परत येऊन जागेवर बसला.

"मीच होय," तो म्हणाला. "हे मशीन लय साफ आहे."

एचडीचं हे असं होतं. साध्या कॅसेटमध्ये जे धुक्यात झाकलं जायचं ते सगळं यात उघडं पडायचं. नंदाबाईला आपल्या लग्नात सासूने आहेर केलेल्या साडीच्या काठावर हळदीचा एक डाग दिसला, आणि ही तर माझ्याच आईने सासूबाईंना दिलेली साडी, हे तिने भर परछीत ओळखलं. त्यानंतर ती दोन महिने माहेरी होती. श्यामलालने लक्ष्मीचंदला विचारलं होतं, "भाऊ, जरा कमी साफ दिसन असा काई बटन नाई का याले?"

सामना बरोबरीत सुटला. पण तीन-चार महिन्यांतच, फेब्रुवारीत, हिरालाल भर दुपारी खांद्यावरचा शेला डोक्यावर घेऊन बिरसीत आला. हातात पेपर. परछीत येऊन खाली मान घालून बसला.

"बहुत बुरा हुआ, लक्ष्मीचंदभाऊ. अभी उमर ही क्या थी."

सुखवंता आतून पिठाच्या हातांनीच धावत आली. "कोन गेला जी?"

"एचडी डीव्हीडी," हिरालाल म्हणाला आणि पेपर पुढे केला. बनवणाऱ्यांनीच हात टेकले होते. यापुढे ते मशीन निघणार नव्हतं. मोठमोठे सिनेमावाले ब्लू-रेकडे गेले होते. युद्ध संपलं होतं.

सुखवंता म्हणाली, "मेल्या, मले वाटलं कोनी मानूस गेला!" आणि पिठाचा हात त्याच्या शेल्याला पुसून आत गेली. लक्ष्मीचंदने पेपर दोनदा वाचला. मग मशीनवर झाकलेलं विणकामाचं कापड सरळ केलं आणि म्हणाला, "बनवनारे मेले असन. माहं मशीन जित्तं आहे."

"कितने दिन?"

"तू पाहाय. ज्या मंडईले हे बंद पडन, त्या मंडईले मी सोता माइकवर जाऊन साऱ्या गावाले सांगतो, का ब्लू-रेच चांगलं होतं म्हनून."

शर्त लागली. तेव्हापासून दर मंडईला हिरालाल यायचा आणि फाटकातूनच, घरातल्या म्हाताऱ्याची तब्येत विचारावी तशा आवाजात विचारायचा, "चालू आहे का?" आतून कोणाच्या तरी वरातीचा बँड वाजायचा. हिरालाल तोंड पाडून जेवायला बसायचा.

गंमत म्हणजे हरलेल्याची परछी भरत गेली आणि जिंकलेल्याच्या घरी तो एकच मासा पोहत राहिला. एव्हाना सगळा सिनेमा मोबाईलवर आला होता, ब्लू-रेलाही कोणी विचारत नव्हतं. हिरालाल रविवारी दुपारी तो मासा लावायचा आणि त्याच्यासमोरच घोरायचा. त्याचा नुकताच नागपूरला इंजिनिअरिंगला गेलेला मुलगा हिमांशू एकदा फोनवर म्हणाला, "मावसाजी, त्या सगळ्या तबकड्या मी कॉम्प्युटरवर घेऊन देतो ना. लोक मोबाईलवर बघतील." लक्ष्मीचंद म्हणाला, "लग्न काय मोबाईलवर पाहाची गोष्ट होय? फेरे चालू असन आन मधातच कोन्या कर्जवाल्या पोरीचा फोन येईन." खरं तर लोकांनाही ते नकोच होतं. मोबाईलवर लग्न बघताना सुखवंताचा चहा मिळत नाही, आणि शेजारच्याच्या लग्नातली भांडणंही बघायला मिळत नाहीत.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या तबकड्यांत हिरालाल-योगेश्वरीचं लग्नही होतं. म्हणजे ब्लू-रेचा हा कट्टर पैलवान स्वतःचं लग्न बघायला दरवर्षी शत्रूच्या परछीत बसायचा.

योगेश्वरीला त्या लग्नातलं एकच बघायचं असायचं, अगदी शेवटचं. बिदाई. तिचे आणि सुखवंताचे वडील भुवनेश्वर पटले हे फार कडक गृहस्थ. त्यांना कधी कोणी हसताना पाहिलं नाही, आणि धावताना तर नाहीच. बांधावर साप निघाला तरी ते चालतच बाजूला व्हायचे, साप धावायचा. बिदाईच्या वेळी सगळं घर रडत होतं, आणि हे मांडवात भांडी मोजत एक गंज कमी कसा म्हणून आचाऱ्यावर ओरडत होते. गाडी निघाली. एवढ्यात त्यांना योगेश्वरीची एक चप्पल मांडवात पडलेली दिसली. मग पडद्यावर जे दिसतं ते असं: पांढरं धोतर, डोक्यावर फेटा, हातात लाल चप्पल, आणि भुवनेश्वर पटले गाडीमागे धावताहेत. फेटा सुटतो. गाडी काही थांबत नाही. शेवटी ते रस्त्यात उभे राहतात, चप्पल वर्तमानपत्रासारखी काखेत धरतात आणि तोंड पुसतात.

ते पुढे काही वर्षांनी गेले. घरातल्या फोटोत ते पोलिस पाटलासारखे बघतात. धावतात ते फक्त या तबकडीत.

ते तोंड पुसतात तिथे दरवर्षी नवरा-बायकोचं वाजायचं.

"डोळ्यात पानी आहे बाबूजीच्या," योगेश्वरी म्हणायची.

"पसीना है," हिरालाल म्हणायचा. "मे की धूप में दौड़े हैं. ब्लू-रे में होता तो साफ दिखता."

या वर्षीच्या मंडईला योगेश्वरी सकाळच्या ऑटोनेच आली, नवऱ्याला दुकान बंद करून ये म्हणून सांगून. गर्दी व्हायच्या आधी तिला आपली तबकडी बघायची होती. लक्ष्मीचंदने तबकडी ठेवली, कप्पा आत जायला लागला, आणि शेवटचं बोटभर राहिलं असताना थांबला. आतून मांजर गुरगुरावं तसा आवाज. ना आत जाईना, ना बाहेर येईना. बाबूजी, त्यांची चप्पल आणि सगळी बिदाई मशीनच्या ओठात अडकून बसली.

लक्ष्मीचंदने आधी मशीनच्या पाठीवर थाप मारली. मग गोंजारलं. मग तोवर येऊन टपकलेल्या जावयांनी सल्ले द्यायला सुरुवात केली.

"उन्हात ठेवा भाऊ."

"धानाच्या कोठीत ठेवा. माहा मोबाईल तसाच सुधारला होता."

"कप्पा ओढून काढा ना जोरानं," श्यामलाल म्हणाला.

"हात नाई लावाचा कोनी!" योगेश्वरी अशी ओरडली की श्यामलाल नंदाबाईच्या मागे जाऊन उभा राहिला. "तबकडी मोडली तं बाबूजी कोठून आनू मी?"

लक्ष्मीचंदने झाकण उघडलं. कप्पा सरकवणारं एक लहानसं काळं रबर आत होतं, ते इतक्या वर्षांत ढिलं पडून म्हाताऱ्याच्या करदोड्यासारखं लोंबत होतं. त्याने सुखवंताच्या केसांचं रबर लावून पाहिलं, ते जाड. मिठाईच्या डब्याचं लावलं, ते लगेच तुटलं. सायकलच्या ट्यूबचा काप लावला, त्याने मशीन असं काही गुरगुरलं की सगळे दोन पावलं मागे झाले. नागपूरहून मागवलं तर दोन दिवस, आणि मंडई तर आज.

तेवढ्यात फाटकातून आवाज आला, "चालू आहे का?"

आतून या वेळी कुठलाच बँड वाजत नव्हता. हिरालाल आत आला. नवा कुर्ता, गळ्यात मफलर. उघडं मशीन बघून त्याच्या चेहऱ्यावर दुकानात एकदम दहा कूलर विकल्यासारखा आनंद पसरला.

"बंद?"

"बंद," लक्ष्मीचंद म्हणाला. त्याने जॅकेटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "चला. माइकवर जातो."

"अरे बैठो, बैठो. पहले चाय पिएंगे. अठारा साल रुका हूँ, और..." हिरालाल बोलता बोलता थांबला. मशीनपाशी योगेश्वरी बसली होती. तिने मान वर केली.

"जितले ना?" ती म्हणाली. "चांगलं झालं. आता घरी जा आन आपला मासा पाहत बसा. मी काई येत नाई."

"माने?"

"बाबूजी अडकले आत. ते निघेपर्यंत मी एथंच राहतो. बाई, माही सतरंजी टाकजो परछीत."

सुखवंता आतून म्हणाली, "दोन टाकतो. मीबी बसतो."

हिरालालने मशीनमध्ये डोकावून पाहिलं. ढिलं रबर बोटावर घेतलं, ताणून पाहिलं, सोडलं. चेहऱ्यावरचे दहा कूलर एकेक करून परत आले. मग तो उठला, मोटरसायकलला किक मारली आणि गेला. लोकांना वाटलं रागावून गेला. श्यामलाल म्हणाला, "शर्त जितून रागावनारा पयलाच मानूस पाहिला."

जेवणं उरकेपर्यंत तो परत आला. कुर्त्याला वंगणाचे डाग, मफलरचा पत्ता नाही. उजव्या हाताच्या करंगळीत अंगठीसारखं एक काळं रबर. कोणाकडेही न बघता मशीनपुढे मांडी घातली आणि ते रबर बसवलं. अगदी मापाचं बसलं.

"कोठून आनलं?" लक्ष्मीचंदने विचारलं.

"दुकान में पड़ा था."

"पंख्याच्या दुकानात?"

"पड़ा था बोला ना!"

लक्ष्मीचंद त्याच्याकडे बघत राहिला. पंख्याला असलं रबर नसतं, कूलरलाही नसतं. गोंदियात असलं रबर असेल तर एकाच ठिकाणी. काय ते समजून तो गप्प बसला. लक्ष्मीचंद गप्प बसला हे पाहून सुखवंताला त्याची तब्येत बरी नाही असं वाटलं.

कप्पा आत गेला. निळा दिवा लागला. सगळं लग्न भराभर पुढे पळवून योगेश्वरीने थेट बिदाई लावली. पांढरं धोतर, लाल चप्पल, फेटा सुटतोय. परछीतल्या सगळ्यांनी हे इतक्यांदा पाहिलं होतं, तरी कोणी तोंडातला खर्रासुद्धा चावला नाही. भुवनेश्वर पटले रस्त्यात थांबले. चप्पल काखेत गेली. हात तोंडावर गेला.

योगेश्वरीने हिरालालकडे पाहिलं. परछीने हिरालालकडे पाहिलं.

"पानी है," हिरालाल हळूच म्हणाला.

"घाम होय," लक्ष्मीचंद तडकन म्हणाला, कारण हिरालालशी सहमत व्हायची त्याला सवयच नव्हती.

मग तो उठला. "शर्त ते शर्त. मंडईच्या दिवशी बंद पडलं म्हंजे पडलं. चला."

गावच्या मैदानात दंडार रंगात होती. मधेमधे खेळ थांबवून माइकवाला बक्षिसं पुकारत होता, आणि प्रत्येक नावाला ढोलकीवर थाप पडून पार्टी त्या माणसाचं नाव गाऊन मुजरा करत होती. लक्ष्मीचंदने माइक हातात घेतला. मागे हिरालाल, शेजारी योगेश्वरी, त्यांच्यामागे अख्खी परछी.

"गावकरी मंडळी, आन आलेले पाहुणे, मी शर्त हरलो. माहं मशीन आज बंद पडलं. म्हनून शब्द देल्ल्याप्रमाने सांगतो. ब्लू-रे चांगलं आहे. लय चांगलं आहे."

हिरालालने मान ताठ केली.

"त्याचा रबर तं एक नंबर आहे. आजच माह्या मशीनले लावला. घोड्यासारखं चालून राहिलं."

हिरालालची मान जिथे होती तिथेच राहिली, पण कान लाल झाले. योगेश्वरीने नवऱ्याच्या करंगळीकडे पाहिलं, जिथे रबराचा वळ अजून होता, आणि तिला सगळं कळलं.

"गोंदियाचे प्रसिद्ध व्यापारी हिरालाल बोपचे यांच्याकडून," लक्ष्मीचंद असा गर्जला की वरच्या शिकाऊ विमानालाही ऐकू गेलं असावं, "एक रबर, सप्रेम भेट!"

दंडारवाल्यांना कशाचा काय पत्ता? त्यांनी नाव ऐकलं, भेट ऐकली, ढोलकीवर थाप मारली आणि हिरालाल बोपचेच्या रबराचं गाणं गायला सुरुवात केली. तीन कडवी गायली. नाच्याने समोर येऊन लवून मुजरा केला. हिरालालला हात जोडून उभं राहावं लागलं.

"आन आता घरच्या माशाचं काय?" गाण्याच्या आवाजात योगेश्वरीने त्याच्या कानात विचारलं.

"बंद," हिरालाल जोडलेले हात न सोडता म्हणाला. "वैसे भी काट्याचा था."